दोन खोकल्यांच्या मधे

"आता श्वास घे… आणि धरून ठेव," असं माइकवरून सांगितलं गेलं, आणि मशीनच्या आतून माझ्या लेकीचा खणखणीत आवाज आला, "हुतूतूतूतूतूतूतू…"

काचेपलीकडे बसून एमआरआय मशीन चालवणाऱ्या तांबोळीदादांनी ओठांशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या डॉक्टर पाटणकर मॅडम पुढे वाकल्या. मी आत, मैथूच्या पायांशी उभी. गळ्यात मंगळसूत्र नाही, केसांत पिन नाही, बोटांत जोडवी नाहीत. ती जोडवी तर साबण लावून लावून काढलेली, बोटं अजून चुरचुरत होती.

मशीनची ठकठक सुरू झाली तरी हुतूतू थांबेना. उलट त्या ठकठकीच्या वर आवाज चढवून मैथू म्हणत राहिली. शेवटी दम संपला, खोकल्याची एक उबळ आली आणि तिच्या पोटावर बांधलेलं कवच वरखाली हललं.

दादांनी मशीन थांबवलं.

"ताई, पोरगी गाणं म्हणतीय काय?"

"गाणं नाही हो दादा," मी म्हटलं.

ते सांगायचं तर चार दिवस मागं जावं लागेल.

मैथू तेव्हा सहाव्या वर्षात होती. पोट दुखतंय म्हणायची, मग शाळा बुडवायला म्हणते असं आम्हाला वाटायचं. एके दिवशी वेणी घालताना तिनं मान वर केली आणि मला तिचे डोळे पिवळे दिसले. तासगावच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि मिरजेला पाठवलं. तिथल्या सर्जननी रिपोर्ट उजेडात धरून पाहिला. म्हणाले, "लिव्हरच्या खाली काहीतरी आहे. गाठ असेल, नसेलही. एमआरआय केल्याशिवाय बोलता येणार नाही."

एवढ्या लहान मुलांचा एमआरआय भूल देऊन करतात. पण मैथूला पंधरवडाभर खोकला. भूलतज्ज्ञांनी तिच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, परत छातीला लावली.

"घरघर आहे," ते म्हणाले. "अशा छातीत भूल देणं म्हणजे जोखीम. अगदी जिवावर बेतलं तर मी देईन, फोटोसाठी देणार नाही."

सर्जन माझ्याकडं वळले. "हे बघा, गाठ वाईट असेल तर थांबून चालणार नाही, आहे त्या छातीनिशी आत घ्यावं लागेल. साधं काही असेल तर छाती बरी होईपर्यंत आरामात थांबू. पण कुठलं आहे ते फोटोशिवाय कळत नाही."

म्हणजे फोटोसाठी भूल नको, आणि फोटो नाही तर भूल द्यायची की नाही तेच कळत नाही. मैथूचे बाबा सैन्यात, तेव्हा आसामात होते. त्यांना फोनवर हे सांगताना माझंच मला कळेना मी काय बोलतेय. काजलनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "दादा, तू बंदूक सांभाळ. हिकडचं आम्ही बघतो."

काजल माझी नणंद. जिल्ह्याच्या कबड्डी संघात खेळायची. डाव्या हातात धातूची पट्टी आणि स्क्रू, हाड मोडलं तेव्हा घातलेले. बोलायला लागली की समोरच्याला सुट्टी नाही.

पाटणकर मॅडमना आम्ही त्याच दुपारी भेटलो. एमआरआय विभाग त्यांच्याकडं. बारीक अंगाच्या, पांढरे होत आलेले केस, आवाज इतका हळू की पुढं वाकून ऐकावं लागे.

"भुलेशिवाय करून बघू," त्या म्हणाल्या. "नवीन सॉफ्टवेअर आलंय आमच्याकडं. पूर्वी पोटाच्या फोटोला मोठ्या माणसालाही श्वास पुरायचा नाही, इतका वेळ धरायला लागायचा. आता त्याच्या निम्म्याहून कमी लागतो."

"मशीन जोरात पळतं का आता?" काजलनं विचारलं.

"मशीन तेच आहे. ते एकेक ओळ घेत घेत चित्र तयार करतं. आता आपण थोड्याच ओळी घ्यायच्या. त्यातून चित्र खरखरीत येतं, अर्धवट येतं. मग ज्या कॉम्प्युटरनं अशी हजारो पुरी चित्रं बघितलीयेत, तो ते साफ करतो आणि राहिलेलं भरतो."

"भरतो?" मी म्हटलं. "मनानं?"

मॅडमनी माझ्या बोटाकडं पाहिलं. सुई टोचून टोचून काळवंडलेलं होतं ते. "तुम्ही शिवणकाम करता?"

"हो. ब्लाउज."

"मग ब्लाउजला सगळ्या अंगाची मापं घेता? थोडीच घेता ना? बाकी हाताला माहीत असतं. शेकडो शिवलेत म्हणून."

"पण मॅडम, एखादीचा खांदा निराळा असतो. हाताच्या सवयीनं कापलं तर नेमकं तिथंच फसतं."

मला वाटलं, आता त्या म्हणतील, अहो काळजी करू नका. बाई माणूस, आई असेल, एवढं तरी म्हणेल. त्यांनी पुन्हा माझ्या बोटाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. फसतं."

बस, एवढंच. आणि मैथूकडं वळल्या.

"बाळ, तुला श्वास रोखून धरता येतो? मी सांगेन तेव्हा धरायचा, सांगेन तेव्हा सोडायचा. मधे खोकला येणार, येऊ दे. तो होऊन गेला की आपण लगेच फोटो काढायचा. दोन खोकल्यांच्या मधे बसवायचा." मला म्हणाल्या, "चार दिवस आहेत. घरी सराव करा."

"सरावाचं माझ्यावर सोडा," काजल म्हणाली.

आणि काजलला श्वासाचा एकच सराव माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मैथूला वाफ देऊन, छाती मोकळी करून, तिनं अंगणात चुन्याची रेघ मारली. दारातल्या पायरीपासून रस्त्याकडच्या फाटकापर्यंत जायचं, फाटकाला हात लावायचा आणि परत यायचं, एका श्वासात. पळायचं नाही, चालायचं. मी खिडकीशी शिलाई मशीनवर बसून बघायची. पहिल्या दिवशी लिंबाच्या झाडाशीच मैथूचा दम सरला. तिसऱ्या दिवशी ती फाटकाला हात लावून पायरीवर आली, आणि काजलनं तिला उचलून खांद्यावर घेतलं.

"वहिनी, बघितलंस का? माझ्या टीममधल्या पोरींना जमत नाही हे."

मला इतका आनंद झाला की मी हातातला काज उलटा शिवला. एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नाही. हुतूतू हा खेळ तोंडानं खेळायचा असतो.

तर आता तांबोळीदादा माझ्याकडं बघत होते आणि मैथू मशीनच्या आतून विचारत होती, "आई, मी परत आले का पायरीवर?"

पाटणकर मॅडम आत आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हसू दाबलं आणि खाली वाकून मैथूला म्हणाल्या, "बाळ, छान म्हणालीस. पण आता तेच गप्प राहून करायचं. आवाज केला की पोट हलतं, पोट हललं की फोटो पुसट येतो."

"आवाज नाही केला तर तुम्हाला कसं कळणार?"

"काय कसं कळणार?"

"मी मधेच श्वास घेतला नाही ते."

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या.

"आपण मनातल्या मनात हुतूतू म्हणू या," मी म्हटलं.

"मनातलं मोजत नाहीत. आत्या म्हणते, मनातलं म्हणजे चीटिंग."

मी पुन्हा सांगून पाहिलं. दादांनी माइकवरून सांगून पाहिलं. मैथूनं दोनदा प्रयत्न केला. दोन्हीदा ओठ मिटले, पण श्वास धरला की आपोआप घशातून बारीक हुतूतू निघायला लागायचं. तिसऱ्यांदा ती रडकुंडीला आली. रडली की खोकला येणार, खोकला आला की सगळं संपलं. मी तिची पावलं घट्ट धरली. गार पडली होती.

"आत्याला बोलवा," ती म्हणाली.

काजल बाहेर बाकावर बसली होती. हातातल्या पट्टीचे जुने कागद सापडले नाहीत म्हणून तिला आत सोडत नव्हते. दादांनी जरा विचार केला आणि तिला काचेपलीकडच्या खोलीत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि माइक तिच्या तोंडासमोर केला. मला काचेतून काजल दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती बोलण्याआधी थांबलेली पाहिली.

"मैथे," आवाज आला. "ऐकतीयस का?"

"आत्या, हे लोक हुतूतू म्हणू देत नाहीत."

"बरोबर हाय त्यांचं. हे मैदान निराळं हाय. आपल्या अंगणात पंच असतो माणूस. त्याला काय दिसतं? तोंड. म्हणून तोंडानं म्हणायला लागतं. हितं पंच हाय मशीन. त्याला डायरेक पोटातलं दिसतं. तू श्वास घेतलास की त्याला कळलं. तोंडानं ओरडलीस की फाऊल."

मैथूनं मान उचलून स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. मग, "खरंच दिसतं?"

"खोटं कशाला सांगू? तुझ्या आईनं सकाळपासून तुला काय खायला दिलं नाही, तेबी दिसतंय."

मैथू हसली. हसण्याबरोबर खोकला आला, ओला, लांबलचक. मी तो संपेपर्यंत तिचे तळपाय चोळत राहिले.

"झाला खोकून?" काजल म्हणाली. "आता मी सांगते तसं. घे श्वास. सोड. परत घे. धर!"

दादांचं बोट बटणावर गेलं. ठकठक सुरू झाली. मी मैथूच्या पायांच्या अंगठ्यांकडं बघत होते. ते ताठ झाले होते, एकमेकांना चिकटले होते. पोट हललं नाही. आवाज नाही. माझ्या मनात एकच, आता खोकला नको, आता नको. ठकठक थांबली.

"सोड! शाब्बास माझ्या वाघिणी!"

सोडला श्वास आणि लगेच खोकला. म्हणजे तो दाराशीच उभा होता. थोडा आधी आला असता तर सगळं वाया. पूर्वीच्यासारखं लांब धरायचं असतं तर आलाच असता.

असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. काजल सांगायची, मैथू धरायची, मशीन ठोकायचं, मैथू सोडायची, खोकायची, आणि पुन्हा. मधे एकदा फसलं, ते परत घेतलं. पुढं पुढं दादाच काजलकडं बघून मान हलवायचे आणि ती सुरू करायची, दोघं वर्षानुवर्षं एकत्र काम करत असल्यासारखे. शेवटी दादांनी काचेतून मला अंगठा वर करून दाखवला.

मी मैथूच्या पोटावरचा पट्टा सोडायला हात पुढं केला, तेवढ्यात मॅडम दारात आल्या.

"थांबा. अजून एक घ्यायचंय. हे लांब आहे. जुन्या पद्धतीचं. यात श्वास धरायचा नाही, नुसतं शांत पडून राहायचं."

"किती लांब?"

"बराच वेळ."

"पण झालं ना सगळं? दादांनी अंगठा केला."

"फोटो चांगले आलेत. तरी हे हवंय मला."

काय झालं मला कोण जाणे. दिवसभरात मी कुणाला एक शब्द वर बोलले नव्हते. सकाळपासून उपाशी पोर, गार खोली, चुरचुरणारी बोटं. "जुन्याच पद्धतीनं घ्यायचं होतं तर पोरीला एवढं छळलं कशाला?" मी म्हटलं. "नवीन आलंय म्हणून प्रयोग करून बघायला आमचीच सापडली का?"

दादांनी मान खाली घातली. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं मैथूकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मैथिलीची आई, एवढं करू द्या मला."

मी बाजूला झाले. करू दिलं म्हणजे काय, माझ्यात वाद घालायची ताकद उरली नव्हती. मशीन पुन्हा सुरू झालं, आता एकसारखं, रेल्वेच्या रुळांसारखं. मी मैथूच्या पावलांवर माझा पदर टाकला आणि वरून हात ठेवले. खोकला येणार, मी वाट बघत होते. तो आला नाही. थोड्या वेळानं मैथूचे अंगठे एकमेकांपासून सुटले, पाय बाहेरच्या बाजूला कलले. झोपली होती. एवढ्या गोंगाटात. श्वास असा सावकाश, सारखा चालला होता की पदराची कडा हलतेय की नाही ते निरखून बघावं लागत होतं.

बाहेर आल्यावर काजलनं तिला मांडीवर घेतलं आणि बिस्किटाचा पुडा फोडला. पुडा संपला. दुसरा संपला. मॅडमच्या खोलीचं दार बंदच. दोनदा दादा आत जाऊन आले. बाहेर येताना आमच्याकडं बघायचं टाळत होते, असं मला वाटलं.

"वहिनी, एवढा वेळ म्हणजे काहीतरी असणार," काजल म्हणाली. ती असं कधी बोलत नाही. मी तिच्याकडं पाहिलं तर तिनं मैथूच्या केसांत तोंड लपवलं होतं.

मग दार उघडलं. "आत या. दोघीही या."

खोलीत दोन पडदे होते, शेजारी शेजारी. दोन्हींवर काळंपांढरं काहीतरी. मला त्यातलं काही कळेना. मॅडमनी बोट ठेवलं.

"हे लिव्हर. ही पित्ताची नळी. ही बारीक असायला हवी, गवताच्या काडीएवढी. मैथिलीची इथं फुगून फुग्यासारखी झालीय. जन्मापासूनच तशी असणार. त्यात पित्त साठतं, म्हणून पोट दुखतं, म्हणून कावीळ. सोनोग्राफीत गाठीसारखं दिसलं ते हे."

"म्हणजे गाठ…"

"गाठ नाही. वाईट काही नाही. ऑपरेशन लागेल, मोठं आहे, पण घाईचं नाही. औषधानं कावीळ उतरू दे, छाती साफ होऊ दे. मग भूल द्यायलाही कुणी घाबरणार नाही."

काजल भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. मी उभीच. मला खरं तर मॅडमचे पाय धरायचे होते, पण माझ्या तोंडातून भलतंच निघालं.

"मग हे दोन दोन कशाला?"

मॅडमनी खुर्ची ओढली आणि मला बसायला लावलं. "हे डावीकडचं नवं, श्वास धरून घेतलेलं. कॉम्प्युटरनं साफ केलेलं. हे उजवीकडचं जुनं, ती झोपली होती तेव्हाचं. यात काही भरलेलं नाही." त्यांनी डाव्या चित्रातल्या फुगलेल्या नळीच्या कडेवरून बोट फिरवलं. "ही कड बघा, किती स्वच्छ दिसते. आत गाठ असती तर इथं कुठंतरी खडबडीत दिसली असती. आता ती खरंच स्वच्छ आहे, की त्यानं साफ करताना खडबडीत होतं तेही पुसलं? हा कॉम्प्युटर ज्यांची चित्रं बघून शिकलाय ती बहुतेक मोठी माणसं आहेत. एवढ्या लहान मुली त्यात जवळजवळ नाहीतच, कारण लहान मुलांना भूल देऊन निवांत, जुन्याच पद्धतीनं फोटो काढतात. तुम्ही खांद्याचं म्हणालात ना त्या दिवशी? मलाही तीच धास्ती होती. म्हणून मी आधीच ठरवलं होतं, जुनं एक घ्यायचंच. मग दोन्ही समोरासमोर ठेवून चित्रातला पोटाचा एकेक काप ताडून बघितला. त्याला वेळ लागला."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमचा चेहरा बदलला असता. आणि आत ती फक्त तुमच्या चेहऱ्याकडं बघत होती."

काही तासांपूर्वी मी या बाईला काय बोलले होते! आणि ती ते सगळं ऐकून घेऊन, बंद खोलीत बसून, माझ्या पोरीसाठी त्या कॉम्प्युटरवर संशय घेत होती. जी शंका आली तिचा सगळा भार तिनं एकटीनं वाहिला आणि मला फक्त उत्तर दिलं.

"त्यानं बरोबर काढलं होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, एखाद्या नव्या पोरानं पहिलाच पेपर चांगला सोडवावा तसं. "तेच आधी आलं म्हणून मला पुढचं धाडस झालं. त्याच्याशिवाय नुसतं झोपेतलं एक चित्र पुरलं नसतं. सगळ्या बाजूंनी बघायला लागतं, आणि ती काही तासभर झोपली नसती."

मग त्या जरा थांबल्या. "एक विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी चालेल, तिच्या उपचारात काहीच फरक पडणार नाही. मैथिलीची ही दोन्ही चित्रं, नाव काढून, त्याला शिकवायला दिली तर? भुलेशिवाय, एवढ्या लहान मुलीची अशी जोडी आमच्याकडं दुसरी नाही."

खालून काजलचा आवाज आला. "म्हणजे आमच्या पोरीच्या पोटातलं सगळ्या दुनियेला दाखवणार?"

"दुनियेला नाही. कॉम्प्युटरला. आणि नाव कुठंच नसणार."

"नाव नसणार?" काजल उठून उभीच राहिली. "एवढी खेळली पोरगी आणि नाव बी नाही?"

मॅडम पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. मी त्यांना विचारलं, "ज्यांची चित्रं बघून तो शिकला, ती माणसं कोण होती?"

"कुणालाच माहीत नाही. त्यांचीही नावं काढलेलीच. हजारो माणसं. कुणाला काहीतरी होतं, कुणाला काहीच नव्हतं. दुखत असताना श्वास धरून पडून राहिली, एवढंच आपल्याला ठाऊक."

त्यातली किती आता असतील, किती नसतील, असं माझ्या मनात आलं. त्यांच्याबरोबरही कुणीतरी पायांशी उभं असेल. त्यांना मैथू ठाऊक नाही, मिरज ठाऊक नाही. माझ्या पोरीला श्वास कमी पडत होता, आणि जो उणा पडला तो त्यांनी आधीच धरून ठेवला होता. त्यांच्यातल्या एकाच्याही दारात जाऊन मला हात जोडता येणार नव्हते.

"घ्या," मी म्हटलं. "दोन्ही घ्या."

त्या संध्याकाळी बसस्टँडवरून मी ह्यांना फोन लावला. "वाईट नाही," एवढंच म्हटलं. पलीकडं कुणीतरी नाक शिंकरलं. मग म्हणाले, "काजलला दे." आणि काजल मैथूनं मशीनला कसं हरवलं ते बस सुटेपर्यंत सांगत राहिली. तिच्या सांगण्यात प्रत्येक वेळी मैथूचा दम थोडा थोडा वाढत गेला.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. तेव्हा छाती स्वच्छ होती. त्याच भूलतज्ज्ञांनी मैथूशी गप्पा मारत मारत तिला झोपवलं. आठवडाभरात ती घरी आली, महिन्याभरात शाळेत.

आता मैथू चौथीत आहे. पोटावर आडवी रेघ आहे, ती मैत्रिणींना वाघानं ओरबाडलं असं सांगते. घरात दुसरं बाळ आलंय, तिचा भाऊ, चार महिन्यांचा. तो झोपला की मी लिहायला बसते, उठला की उठते, म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले.

मधे एकदा पाटणकर मॅडमचा निरोप आला. वर्षातून दोनतीनदा येतो, मी मैथूचा फोटो पाठवते, त्या एखादी ओळ लिहितात. या वेळी जरा मोठं होतं. जतकडचा एक मुलगा, मैथू होती त्याहूनही लहान, छाती भरलेली, भूल देता येत नव्हती. त्याचा फोटो तसाच जागेपणी घेतला. आता अशा मुलांची चित्रं शिकून शिकून कॉम्प्युटर बराच तयार झालाय, पहिल्याच खेपेला नीट आलं. तुमच्या मुलीला सांगा.

मैथू पाळण्यापाशी पालथी पडून गणितं सोडवत होती. मी तिला सांगितलं.

"त्याचं नाव काय?" तिनं विचारलं.

"नावं सांगत नाहीत."

"त्याला माझं नाव सांगितलं?"

"नाही गं. तुझंही कुणाला माहीत नाही."

तिनं पेन्सिल तोंडात धरून विचार केला. मला वाटलं, आत्यासारखी आता भांडणार.

"पण तो बरा होणार ना?"

"हो. मॅडम म्हणाल्या, होणार."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, पायानं पाळण्याला एक झोका दिला आणि पुढचं गणित घेतलं.